न मोजलेल्या सायकली

भाऊजी, परवा वाचनालयात तुमची शोकसभा झाली. तुम्ही असता तर मागच्या दाराशी उभे राहून ऐकली असती आणि दुसरा वक्ता उठायच्या आत निघून गेला असता. फोटो कुठला लावला होता माहीत आहे का? नगरपालिकेच्या नोकरीतला, मोठा करून आणलेला. त्यात तुम्ही असे पाहता आहात, की समोरच्यानं नालीवर ओटा बांधला आहे आणि तो कधी पाडतो हे तुम्हाला आत्ताच्या आत्ता कळायला हवं. हार घातल्यावर चेहरा आणखीच नाराज दिसायला लागला. मी सिंधूला कोपरानं ढोसलं. म्हटलं, "पाय, अजूनबी नालीच मोजून राह्यले." आणि तुमची बायको हसली, भाऊजी. तेरावं होऊन दोन दिवस झालेले, भर सभेत, पदर तोंडाला लावून. पुढच्या रांगेतले वकीलसाहेब वळून पाहू लागले. त्यांना वाटलं हुंदका आहे. नंतर तो हुंदकाच झाला, पण सुरुवात हसण्यानं झाली होती, हे तुम्हाला सांगून ठेवते.

मग नगरपालिकेचे एक जुने मेंबर बोलायला उठले. चांगलं बोलले. तुम्ही कोणाच्या चहालाही शिवत नव्हता, फावल्या वेळात पोरांना नकाशे काढायला शिकवत होता, सगळं बोलले. आणि शेवटी म्हणाले, "ओवरसियर साहब का एक पट्टीवाला मामला छोड़ दें, तो उनके काम में कोई खोट नहीं निकाल सकता."

सगळ्यांनी माना हलवल्या. माझी हलली की नाही ते आठवत नाही. पण मी उठले नाही, एवढं खरं. दोन ओळी पुढं जाऊन सांगायचं होतं, की ती खोट यांची नव्हे, माझी. गुडघे दुखतात म्हणून बसून राहिले असं मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. गुडघे रोजच दुखतात.

तर ती गोष्ट आता सगळी सांगते. तुम्हाला अर्धी माहीत आहे.

आमचा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात गेला, तहसिलीच्या कागदांवरून नागपूर जाऊन भोपाळ आलं, त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. आमचे हे कचेरीत, तुम्ही नगरपालिकेत ओव्हरसियर, मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. वय छत्तीस, आणि डोक्यात असं, की बालाघाटात सुधारणा म्हणून जी काही यायची आहे ती आपल्याच दारावरून जाणार. मनगटावर ह्यांचं घड्याळ बांधून शाळेत जायची. ते बंद होतं. कोणी वेळ विचारली की आधी सूर्याकडे पाहायची आणि मग घड्याळाकडे.

तुम्हीच एक दिवस ओसरीवर म्हणालात, "वहिनी, शाळेत पायी काहून जाता? सायकल शिका."

"मले पाडाचं हाये काय तुम्हाले?"

"पाडाचं असतं तं आमच्या दादानं आतापर्यंत पाडलं असतं."

ह्यांनी मागं धावायला साफ नकार दिला. म्हणाले, मी सरकारी नोकर आहे. मग तुम्ही धावलात, कचेरीमागच्या मैदानात, धोतराचा सोगा खिशात खोचून, सीट धरून. "पुढं पाहा, पायाकडं पाहू नका," हे वाक्य तुम्ही किती वेळा ओरडलात याचा हिशोब नाही. मी पायाकडेच पाहिलं आणि मुरमाच्या ढिगात गेले. उठून आधी पदर सारखा केला आणि मग तुम्हाला शिव्या दिल्या. तिसऱ्या आठवड्यात मी सायकलवर शाळेत गेले. बालाघाटच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि मी जणू विमानातून खाली पाहावं तशी त्यांच्याकडे पाहत गेले.

पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. मला सायकल चालवता येत होती, वळवता येत नव्हती. म्हणजे डावीकडे वळायची, आपोआप. उजवीकडे वळून रस्ता ओलांडायचा म्हटलं की हँडल हातातून निसटल्यासारखं वाटायचं. मग उतरायचं, सायकल हातानं ढकलत पलीकडे न्यायची, एखादा दगड शोधायचा आणि दगडावर पाय देऊन परत चढायचं. पहिल्याच आठवड्यात तशी उतरले तर मागून आमच्या सातवीतल्या पोरी म्हणाल्या, "बाई, सायकल थकली काय?" तो प्रश्न मी आयुष्यात विसरले नाही. एवढ्याशा प्रश्नापायी माणूस काय करू शकतो, ते पुढे येतंच आहे.

त्या दिवसांत रेल्वे फाटकापासून कचेरीपर्यंतच्या रस्त्यावर खाणीचे ट्रक धावू लागले होते. काळी धूळ उडवत यायचे आणि सायकलवाले पटापट नालीकडे सरकायचे. एखादा नालीत जायचाच. तुमच्या डोक्यात तेव्हाच ते आलं, की रस्त्याच्या एका बाजूला सायकलींसाठी वेगळी मुरमाची पट्टी हवी. नगरपालिकेची कमेटी म्हणाली, जागा घ्या, मजुरीला पैसे नाहीत, हात लोकांचे लावा. दोन्ही बाजूंना करण्याइतकी जागा नव्हती, एकच बाजू. कोणती? डावीकडे आमची शाळा आणि करंजाची सावली. उजवीकडे भाताच्या गावांकडून येणारा रस्ता मिळायचा.

"ज्या बाजूनं सायकली जास्त, त्या बाजूले पट्टी," तुम्ही म्हणालात. "मोजून काढू. अंदाज नाही पाहिजे."

नगरपालिकेच्या बाबूंनी रस्त्यावर बसायला नाही म्हटलं. त्यांची इभ्रत होती. तेव्हा तुम्ही आमच्या भजनाच्या बायकांसमोर येऊन उभे राहिलात, कागदाची सुरनळी हातात घेऊन, घाबरत घाबरत. आम्ही कशा मोजणार, आकडे कुठं मांडणार? सिंधूनंच तोड काढली. प्रत्येकीनं घरून तुपाचा रिकामा डबा आणायचा आणि पदरात चिंचोके. सायकल गेली की एक चिंचोका डब्यात. आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ. शाळेच्या बाजूला सिंधू आणि तिच्या जोडीच्या. गावरस्त्याच्या तोंडाशी, मोहाच्या झाडाखाली, मी.

तुमचा नियम एकच होता. "चढलेला असंन तं चिंचोका. हाती धरून चालला असंन तं तो पायी." नियम बरोबरच होता. बाजाराच्या दिवशी निम्मे लोक धानाचं पोतं सायकलवर आडवं टाकून ढकलत आणायचे, त्यांना पट्टीचा काय उपयोग?

दोन दिवस डबा चांगला भरला. तिसऱ्या दिवशी सुखराम दूधवाला थांबला. दोन्ही बाजूंना दुधाच्या टाक्या, आणि सायकलीला बिल्ला नाही. शहरातल्या सायकलीला तेव्हा नगरपालिकेचा पितळी बिल्ला लागायचा, कर भरल्याची खूण. गावच्या सायकलींना तो कुठून असणार?

"बाई, बिल्ला देख रही हो का?"

"नाही रे बाबा. सिर्फ गिन रही हूँ."

"गिन के का होगा?"

"तुम्हारे लिए रास्ता बनेगा."

तो डब्याकडे पाहून हसला. "पहले गिनती, पीछे टैक्स. हम सब जानते हैं, बाई."

दुसऱ्या दिवसापासून गावची माणसं माझ्यापासून तीस-चाळीस पावलांवर सायकलीवरून उतरू लागली. चढून चाललेला माणूस पकडता येतो, सायकल हाती धरून चाललेल्याला कोण काय म्हणणार, असा त्यांचा हिशोब. मान खाली घालून माझ्यासमोरून चालत जायचे, "राम राम बाई" म्हणायचे, विहिरीपलीकडे पोचले की टांग मारून परत चढायचे. एकामागून एक. मी वाटाणे सोलत बसले होते. डब्यात चिंचोका पडत नव्हता.

त्या संध्याकाळी तुम्हाला सांगायचं माझ्या मनात होतं, भाऊजी. खरंच होतं. पण घरी जाताना मी रस्त्याकडे पाहिलं. आमचं घर शाळेच्याच बाजूला; पट्टी या बाजूला झाली तर मला घरून निघाल्यावर रस्ता ओलांडून इकडे यावं लागणार आणि शाळेशी पुन्हा ओलांडावा लागणार. जाताना दोनदा उतरायचं, येताना दोनदा. सातवीच्या पोरींसमोर. आणि नियम तर तुमचाच होता. चढलेलेच मोजा म्हणाला होता, मी चढलेलेच मोजत होते. मी तेव्हा स्वतःला असं काही समजावलं, की वकीलसाहेबांनीही माझ्याकडे शिकवणी लावावी.

आठव्या दिवशी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून तुम्ही डबे उपडे केले. सिंधूच्या बाजूचा ढीग केवढा. माझा एवढासा. तुम्ही तो दोनदा मोजलात.

"वहिनी, एवढेच?"

"एवढेच. चढलेले."

तुम्ही कानामागची पेन्सिल काढली. मग नकाशावर डावीकडून रेघ मारली.

पुढचं सगळं फार छान झालं, म्हणून जास्त टोचतं. दर रविवारी अख्खं बालाघाट त्या रस्त्यावर. कचेरीतले बाबू, शिंपी, कॉलेजची पोरं, घमेल्यांच्या रांगेत बायका. तुम्ही फक्कीनं पांढरी रेघ ओढत पुढं आणि मुरूम टाकत मागून सगळे. करंजांवरून आपलं भांडण झालं ते त्याच वेळी. तुम्हाला रुंदी हवी होती, तीन करंज पाडायचे होते. मी आदल्या दिवशी बायकांना घेऊन जाऊन तिन्ही झाडांना सूत गुंडाळून, हळदकुंकू वाहून आले. तुम्ही सकाळी कुऱ्हाडवाल्याला घेऊन आलात, आणि कुऱ्हाडवाला सूत पाहून हात जोडून परत गेला.

"वहिनी, वडाची पूजा करंजाले चालते काय?"

"आमच्यात चालते. सात जन्म हाच ओव्हरसियर मिळो म्हणून केली."

तुम्ही आठ दिवस बोलला नाहीत. पट्टी तिथं आजही अरुंद आहे, समोरून कोणी आलं की एकाला थांबावं लागतं. "पाहा, तुमचं करंज," असं तुम्ही दर वेळी म्हणायचात, आणि मी म्हणायची, "पाहा, माझी सावली." ते भांडण कोण जिंकलं ते ठरलंच नाही. आता मी एकटीनंच दोन्ही बाजूंनी भांडायचं म्हणजे अवघड आहे.

उद्घाटनाला पहिली सायकल माझी. शहरातली एकटी सायकलवाली बाई म्हणून. सरळ गेले, कुठं उतरावं लागलं नाही, टाळ्या पडल्या. तुम्ही सगळ्यात जोरात वाजवत होता.

मग नियम झाला, की सायकल पट्टीवरूनच न्यायची, रस्त्यावरून नाही. शिपाई उभा असायचा. गावचे लोक आता खरोखरच रस्ता ओलांडू लागले, ट्रकांमधून, पट्टीवर यायला. दुसऱ्या थंडीत धुक्यातून ट्रक आला आणि सुखराम त्याच्या आडवा सापडला. जीव वाचला. पाय वाचला नाही, म्हणजे राहिला, पण कामाचा राहिला नाही. दूध रस्त्यावरून वाहत नालीपर्यंत गेलं होतं. मी शाळेतून आले तेव्हा कुत्री चाटत होती.

कमेटीच्या बैठकीत मेंबर म्हणाले, ओव्हरसियरनं पट्टी उलट्या बाजूला केली. लोकांनी नावच पाडलं, उलटी पट्टी. तुमच्याकडे तेव्हा दुसरा मोठा नकाशा तयार होता. अख्ख्या शहराचा. प्रत्येक बाहेरच्या रस्त्याला सायकलींची पट्टी, खैरलांजीकडच्या, लांजीकडच्या, परसवाड्याकडच्या, बाजाराशी सायकली लावायला छप्पर, प्रत्येक पट्टीला झाडांची रांग. झाडं मला डिवचायला मुद्दाम मोठी काढली होती. तो नकाशा बैठकीत उलगडलाच नाही. तुम्ही तो सुरळी करून घरी आणलात आणि कपाटावर ठेवलात, आणि सिंधूनं त्यावर धूळ बसू नये म्हणून जुनं धोतर गुंडाळलं.

तुम्ही अधूनमधून विचारायचात. जेवताना, बाजारात, दसऱ्याचं सोनं देताना. "वहिनी, त्या आठ दिवसांत गाववाले गेले तरी कुठं?" आणि मी म्हणायची, "धान कापाले गेले असतील." तुम्ही म्हणायचात, "कापणी तं झाली होती." मी म्हणायची, "मंग मले काय माहीत, मी काय त्याहीची सासू हाये?" आणि तुम्ही हसायचात. मला तुम्हाला हसवता येत होतं, त्याचा मी एवढा वापर करून घेतला.

मग एका उन्हाळ्यात तुम्ही दुपारच्या उन्हात आलात. सुखरामाकडे गेला होतात. तुम्ही जायचात त्याच्याकडे, हे मला तोवर माहीत नव्हतं. पाणी प्यालात आणि म्हणालात, "वहिनी, सुखराम सांगत होता. ते लोक बिल्ल्याच्या भेवानं उतरून चालत होते म्हणे."

माझ्या हातात सूप होतं. मी पाखडत राहिले.

तुम्ही पेला खाली ठेवलात. मग तुम्हीच म्हणालात, "तुम्हाले दिसले नसतील. ते मोहाचं झाड मधात येत असंन."

"हौ," मी म्हणाले. "झाड होतं ना मधात."

भाऊजी, माझी पाठ त्या झाडाला टेकलेली होती. आठही दिवस. साल टोचायची म्हणून मी घरून बोचकं नेत होते.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही कमेटीला कागद लिहिला, "मोजणीला बसायची जागा मी चुकीची निवडली, झाडाची आड येत होती, चूक सर्वस्वी माझी." ह्यांनी तो कागद पाहिला आणि घरी येऊन सांगितलं, "याले काय गरज होती लिहायची?" मी म्हटलं, "त्याहीचा स्वभावच तसा." आणि भाजीला फोडणी दिली.

त्यानंतर तुम्ही मला ते पुन्हा कधी विचारलं नाही. आधी वाटलं, सुटले. मग वर्षं गेली आणि ते न विचारणंच खटकायला लागलं. कारण तुम्ही न मोजता एक ओळ लिहिणारे नव्हता. दुसऱ्याच्या ओट्याची उंची लिहायला तुम्ही तीनदा टेप लावायचात. मग हे लिहायच्या आधी तुम्ही तिथं जाऊन बसून पाहिलं नसेल? आणि पाहिलं असेल, तर तुम्हाला काय दिसलं?

शेवटच्या दिवसांत मी रोज मऊ भात घेऊन यायची. चिन्नोर तांदळाचा, तुम्हाला वास आवडायचा. एक दिवस तुम्ही कपाटाकडे बोट केलंत. "वहिनी, तो नकाशा तुमच्या नातीले द्या. पतंगाले चांगला कागद हाये." मी म्हटलं, "द्याले लागते काय, ती स्वतः काढून घेईन, तुमच्यापेक्षा उंच झाली." खोलीत आपण दोघंच होतो. सिंधू विहिरीवर गेली होती. एवढा चांगला वेळ मला पुन्हा मिळायचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. मी म्हणाले, "आज वांगी महाग होती बाजारात." तुम्ही डोळे मिटले. मी दिवसभर तेच वाक्य घोळवत राहिले, की वांगी.

माझी नात त्याच पट्टीवरून शाळेत जाते. तिच्यासोबत आणखी दहा-बारा पोरी, घंट्या वाजवत, ओढण्या कमरेला बांधून. उजवीकडेही वळतात, न उतरता, बोलत बोलत. तुम्ही माझ्यामागं धावला नसता तर या शाळेत पहिली बाई सायकलवर कधी आली असती कोण जाणे. हे मी तुमचं देणं लागते, आणि ते चुकतं करायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

काल सिंधूला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मी जाऊन समोर बसले आणि सगळं सांगितलं, मोहाचं झाड, बोचकं, सातवीच्या पोरी. तिनं एकदाही मान वर केली नाही. मी थांबले तेव्हा म्हणाली, "ताई, हे मले काहून सांगून राह्यल्या? मी काय नगरपालिका हाये?"

मग सूप बाजूला ठेवून, "त्याहीले सांगाचं होतं."

मी विचारलं, "कागद लिहायच्या आधी भाऊजी तिथं जाऊन आलते काय गं?"

"मले काय माहीत? ते तं रोजच टेप घेऊन कुठीतरी जात."

तिनं मला चहा केला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी उठले तेव्हा दारापर्यंत आली, आणि म्हणाली, "जिथं बोलाचं होतं, तिथं बोला."

तर येत्या रविवारी आपल्या मंडळात, त्याच वाचनालयात, हे मी उभी राहून वाचणार आहे. मेंबरसाहेबांना बोलावणं पाठवलं आहे. त्यांना मराठी कळतं, पण सोयीचं नसलं की कळत नाही, म्हणून माझ्या चुकीचा भाग तेवढा हिंदीत सांगीन. कमेटीला अर्जही देते, की तो कागद फाइलीत असेल तर त्याला माझा हा जोडावा. सिंधू म्हणाली येईन. पुढं बसेल की मागं, ते सांगितलं नाही.

गाववाले कुठं गेले होते, असं तुम्ही किती तरी वेळा विचारलंत. कुठं गेले नव्हते, भाऊजी. माझ्या समोरून जात होते. मला सगळे दिसत होते.